रिकामा त्रिकोण

'कार्यक्षमता' हा शब्द आमच्या बँकेत वर्षातून दोनदाच ऐकू येतो. एकदा वरून सर्क्युलर येतं तेव्हा आणि एकदा कुणीतरी निवृत्त होतं तेव्हा. सर्क्युलरात ती आमच्यात मुळीच नाही असं लिहिलेलं असतं आणि निरोप समारंभात ती निवृत्त होणाऱ्या माणसात ओतप्रोत होती असं सांगितलं जातं. म्हणजे ही वस्तू बँकेतून ज्या दिवशी बाहेर पडते नेमकी त्याच दिवशी सापडते.

बी. कॉम.च्या पुस्तकात तिची व्याख्या होती. कमीत कमी साधनांत जास्तीत जास्त फळ, अशी काहीतरी. परीक्षेत ती लिहिली, गुण मिळाले, पदवी मिळाली आणि त्या पदवीवर जी नोकरी मिळाली तिथे एका व्हाउचरवर तीन जणांच्या सह्या लागतात. त्यामुळे व्याख्या आणि नोकरी यांची गाठ काही पडली नाही. या शब्दाचा खरा अर्थ मला कळला तो काळ्या-पांढऱ्या खड्यांच्या एका खेळाच्या इतिहासातून. आणि तो समजावणारे गृहस्थ तीनशे वर्षांपूर्वी जपानात होऊन गेले.

खेळाचं नाव 'गो'. इंग्रजीत याचा अर्थ 'जा' असा होत असला, तरी या खेळात पटावर एकदा ठेवलेला खडा कुठेही जात नाही. बदली नाही, बढती नाही. ठेवला तिथे डाव संपेपर्यंत, नाहीतर कैद होईपर्यंत. चीनमध्ये याला 'वेइची' म्हणतात, म्हणजे वेढ्याचा खेळ. कोरियात 'बादुक' म्हणतात. जपानीत पूर्ण नाव 'इगो'. इगोचा खेळ आपल्याकडेही चालतो, विशेषतः सोसायटीच्या वार्षिक सभेत. पण त्याला पट लागत नाही.

माझा भाचा पुण्यात जपानी शिकतो. त्याने हा पट आणि खड्यांच्या दोन वाट्या आमच्याकडे आणल्या, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी वाट्यांत डोकावून एवढंच म्हटलं, "जन्मभर तांदळातून खडे काढून टाकले, आता हे विकतचे आले." मला स्वतःला खेळण्यापेक्षा खेळाची जुनी वही चाळण्यात जास्त गोडी. आणि ही वही चांगली जुनी आहे. कन्फ्यूशियसच्या संवादांत या खेळाचा उल्लेख आहे. नुसतं जेवून बसून राहणाऱ्यापेक्षा हा खेळणारा बरा, इतपत प्रशस्तिपत्रही आहे. चीनमध्ये आन्यांग इथे इ. स. ५९५ मधल्या एका थडग्यात चिनी मातीचा पट सापडला, त्यावर उभ्या-आडव्या एकोणीस-एकोणीस रेघा आहेत. आजच्या पटावरही तेवढ्याच असतात. चौदाशे वर्षांत फॉर्म बदलला नाही, याचा मला एक नोकरदार म्हणून फार आदर वाटला.

आता नियम. एकोणीस गुणिले एकोणीस, म्हणजे ३६१ छेदबिंदू. खडे घरांत ठेवायचे नाहीत, रेघा जिथे छेदतात तिथे ठेवायचे. काळ्याची सुरुवात, म्हणून काळे १८१ आणि पांढरे १८०. मोकळ्या जागी ठेवलेल्या खड्याला चार बाजूंनी चार मोकळे बिंदू असतात. चिनी लोक त्यांना 'ची' म्हणतात, म्हणजे श्वास. प्रतिपक्षाने चारही बिंदूंवर आपले खडे ठेवले की श्वास संपला, खडा कैद. कडेला तीनच श्वास, कोपऱ्यात दोनच. बुद्धिबळात मारतात, इथे कुणी कुणाला मारत नाही, फक्त जागा उरू देत नाही. आठ-बावन्नच्या लोकलमध्ये उभा राहिलेल्या माणसाला हा नियम दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही.

दोन खडे शेजारी लागून ठेवले की ते एकजीव होतात आणि दोघांचे मिळून श्वास सहा होतात. तीन एका रेषेत ठेवले तर आठ. पण हेच तीन काटकोनात ठेवले, म्हणजे एक कोपऱ्यावर, एक त्याच्या उजवीकडे आणि एक खाली, तर श्वास भरतात सातच. खडे तेवढेच, खर्च तेवढाच, श्वास एक कमी. या आकाराला जपानीत 'रिकामा त्रिकोण' म्हणतात. रिकामा अशासाठी, की चौकोनाचा चौथा कोपरा मोकळा असतो. तिथे शत्रूचा खडा असता तर निदान त्याला अडवल्याचं समाधान मिळालं असतं. इथे तेही नाही.

आणि गंमत पुढेच आहे. त्या तिघांतला कोपऱ्यावरचा खडा काढून टाका. उरलेले दोघे तिरपे, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभे. त्यांना जोडायला दोन बिंदू आहेत. शत्रूने एकावर खडा ठेवला तर आपण दुसऱ्यावर ठेवायचा. जोड कुठे जात नाही. म्हणजे ते दोघे आधीच जोडलेले होते! मग तिसऱ्याने काय केलं? काही नाही. तो फक्त तिथे होता. दाराला कडी होती, त्याने वर कुलूप लावलं. तीन सह्यांचं व्हाउचर माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं ते याच ठिकाणी.

या खेळात आकारांना नावं आहेत आणि ती घरगुती आहेत. वाघाचा जबडा आहे, बांबूचं पेर आहे. खड्यांची एकमेकांना चिकटून गर्दी झाली की त्याला 'दांगो' म्हणतात. दांगो म्हणजे तांदळाच्या पिठाचा उकडलेला गोळा. आपल्याकडे मोदक फसला की जे उरतं ते. असा गोळा दिसायला भरभक्कम असतो. पण त्यातल्या प्रत्येकाचं तोंड शेजाऱ्याकडे असतं आणि बाहेरच्या जगाकडे पाहायला कुणीच मोकळं नसतं.

याच्या उलट एक आकार आहे, 'पोन्नुकी'. चार खड्यांनी शत्रूचा एक खडा वेढला, उचलला, की मध्ये एक मोकळं छिद्र आणि भोवती चार खड्यांची शंकरपाळी राहते. जपानी म्हण अशी, की पोन्नुकी तीस गुणांची. मी लगेच हिशेब केला. उचललेल्या कैद्याचा एक गुण आणि रिकाम्या झालेल्या जागेचा एक गुण, मिळून दोन. मग बाकीचे अठ्ठावीस आले कुठून? भाचा म्हणाला, "मामा, ते कैद्याचे नाहीत, आकाराचे आहेत." चार खडे चार दिशांना तोंड करून उभे, एकही दुसऱ्याच्या कामात नाही, आणि पटाच्या मध्यावर हा आकार असला की चारी बाजूंना त्याचा वचक. पकडलेला खडा म्हणजे निव्वळ पावती. खरी ठेव खात्यात वेगळीच जमा झालेली असते.

नवशिके मात्र पावत्याच गोळा करतात. कैदी दिसला की उचल. म्हणूनच या खेळात आमिष दाखवून पकडण्याची एक युक्ती आहे. आपला एक खडा मुद्दाम शत्रूच्या तोंडात द्यायचा. तो हर्षभराने उचलतो, आणि उचलण्यासाठी त्याने जो खडा ठेवला त्यामुळे त्याच्याच अख्ख्या रांगेला एकच श्वास उरतो. मग आपण त्याच रिकाम्या बिंदूवर पुन्हा खडा ठेवून सगळी रांग उचलायची. सहा महिन्यांत दामदुप्पट देणाऱ्या योजना मी कमी पाहिलेल्या नाहीत, पण त्यांची आकृती इतकी स्वच्छ काढलेली प्रथमच पाहिली.

एका खड्याने किती कामं करावीत, याची चीनमध्ये एक आख्यायिका आहे. काळ नवव्या शतकातला, तांग घराण्याचा. जपानचा एक राजपुत्र चीनच्या दरबारात आला. हा तिकडचा सर्वांत तरबेज खेळाडू. सम्राटाने त्याच्यासमोर गु शीयेन नावाच्या दरबारी खेळाडूला बसवलं. डाव असा रंगला की पटावर एकाच वेळी दोन 'शिड्या' तयार झाल्या. शिडी म्हणजे पाठलाग. पळणाऱ्याला एक श्वास राहतो, तो पुढे सरकून दोन करतो, पाठलाग करणारा पुन्हा एक करतो, असं नागमोडी करत पटाच्या कडेपर्यंत जायचं आणि तिथे पकडायचं. मात्र वाटेत पळणाऱ्याचा एखादा खडा आधीच बसलेला असला की तो सुटतो आणि पाठलाग करणाऱ्याचं दिवाळं निघतं. गु शीयेनला दोन्ही शिड्यांची धास्ती होती आणि चाल होती एकच. विचार करता करता म्हणे त्याच्या हाताला घाम सुटला. आणि तेहतिसाव्या चालीला त्याने असा एक खडा ठेवला, की त्या एकाने दोन्ही शिड्या निकालात काढल्या. एका दगडात दोन पक्षी ही म्हण आपली, पण दगड त्यांचा.

राजपुत्राने हार मानली आणि शेजारच्या अधिकाऱ्याला विचारलं, "हे आपल्या देशात कितव्या क्रमांकाचे?" अधिकारी म्हणाला, "तिसऱ्या." वास्तविक तो पहिला होता. राजपुत्र म्हणाला, "मला पहिल्याला भेटायचंय." उत्तर मिळालं, "तिसऱ्याला हरवलंत की दुसरा भेटेल, दुसऱ्याला हरवलंत की पहिला." राजपुत्राने निःश्वास सोडला आणि पट मिटला. गोष्ट खरी असो वा नसो, लिहिणाऱ्याने सरकारी कचेरीत चकरा मारल्या असाव्यात याबद्दल माझी खात्री आहे.

पण ही झाली प्रतिभा. प्रतिभेला ऑडिट लावणारा माणूस जन्मला जपानात. तिथे तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत गोला सरकारी आश्रय मिळाला. होनिंबो, इनोउए, यासुई आणि हायाशी अशी चार घराणी झाली. त्यांना तांदळाच्या रूपात मानधन मिळे आणि वर्षातून एकदा एदोच्या किल्ल्यात शोगुनासमोर डाव होत. खडे ठेवणाऱ्याला तांदूळ, हे वाचून दाखवल्यावर सौभाग्यवतींनी वाटी-प्रकरणी आपलं मत थोडं सौम्य केलं.

या होनिंबो घराण्याचा चौथा प्रमुख दोसाकु. जन्म १६४५, मृत्यू १७०२. १६७७ साली तो घराण्याचा प्रमुख झाला. खेळाडूंच्या नऊ पायऱ्यांची श्रेणी त्यानेच व्यवस्थित बसवली असं मानतात. हे म्हणजे एका अर्थी वेतनश्रेणीचंच काम. तो स्वतः इतका पुढे होता, की त्याची पायरी लोक कौतुकाने नववी नव्हे, तेरावी म्हणत. पण मी त्याच्यापुढे हात जोडतो ते त्याने काढलेल्या एका पद्धतीसाठी. तिचं नाव 'तेवारी'. तिवारी आडनावाच्या कुणाही सद्गृहस्थाशी तिचा संबंध नाही. तेवारी म्हणजे चालींची फोड.

समजा, पटाच्या एका कोपऱ्यात चकमक होऊन गेली. कुणाचं साधलं? सामान्य माणूस कैदी मोजतो. दोसाकु चाली कोणत्या क्रमाने झाल्या हेच विसरतो आणि त्या उलटसुलट लावून बघतो. एक काळा आणि एक पांढरा, ज्यांनी एकमेकांचं काम रद्द केलं, असे जोडीने उचलून बाजूला ठेवतो. आमच्या भाषेत कॉन्ट्रा एन्ट्री काढून टाकतो. मग उरलेल्या आकृतीतल्या एकेका खड्यावर बोट ठेवून विचारतो, 'हा खडा शुद्धीवरच्या माणसाने इथे ठेवला असता का?' उत्तर 'नाही' आलं की तो खडा वाया गेला, आणि ज्याचा तो होता त्याचं त्या कोपऱ्यात नुकसान झालं. मग त्याच्या वाटीत कैदी कितीही खुळखुळोत.

यातली मेख अशी, की चकमकीत प्रत्येक चाल त्या त्या वेळी आवश्यकच वाटलेली असते. त्याने धमकी दिली, मी उत्तर दिलं. त्याने कापलं, मी जोडलं. एकही पाऊल चुकलेलं दिसत नाही, आणि शेवटी पटावर पिठाचा गोळा! क्रम माणसाला फसवतो. व्हाउचरवरची दुसरी सही कधीतरी कुठेतरी अफरातफर झाली म्हणून आली असणार, तिसरी पहिल्या दोघांवर लक्ष ठेवायला. प्रत्येक सहीमागे सज्जड कारण आहे. कारणं काढून घ्या आणि तीन सह्यांकडे नुसतं पाहा. रिकामा त्रिकोण.

पण खुद्द दोसाकु गुणांच्या बाबतीत किती मोकळा होता पाहा. १६८३ साली किल्ल्यातल्या डावात त्याच्यासमोर यासुई शुन्ची बसला. शुन्चीला दोन खड्यांची सवलत होती, म्हणजे दोन काळे खडे आधीच पटावर. दोसाकु हा डाव एका गुणाने हरला. आणि आयुष्यातला सर्वोत्तम डाव म्हणून त्याने हाच निवडला. दोन्ही बाजूंनी वाया गेलेलं काही नव्हतं. दोन खड्यांची मूळची दरी त्याने एका गुणापर्यंत आणली होती. दिवसअखेर एक रुपया जुळत नाही म्हणून रात्री नऊपर्यंत बसणाऱ्या माणसाला हे पचायला जड जातं. एका रुपयाची तूट, आणि हा म्हणतो माझा सर्वांत सुंदर ताळेबंद!

त्यानंतर दीडशे-एक वर्षांनी याच घराण्यात शूसाकु आला. १८४६ साली ओसाकात तो सतरा वर्षांचा असताना त्याची गाठ इनोउए घराण्याच्या गेन्नान इन्सेकीशी पडली. इन्सेकी आठव्या पायरीचा, हा चौथ्या. जपानी पटाचे पाय ज्या फळाच्या आकाराचे कोरतात त्याच्या नावाचा ध्वनी 'तोंड नसलेला' असाही निघतो. बघ्यांनी मध्ये बोलू नये ही सूचना पायातच कोरलेली. (आमच्या ओट्यावरच्या कॅरमला असे पाय तातडीने बसवायला हवेत.) डाव चालू होता आणि बघणाऱ्यांच्या मते इन्सेकी जिंकत होता. एक वैद्य म्हणाले, "मला गोमधलं फारसं कळत नाही, पण शूसाकुने आत्ताची चाल केली आणि इन्सेकींचे कान लाल झाले. धक्का बसल्याशिवाय असं होत नाही." ती १२७वी चाल. पटाच्या मध्याजवळ ठेवलेला तो एकच खडा एका बाजूला आपल्या कमकुवत खड्यांना धीर देत होता, दुसरीकडे शत्रूच्या प्रदेशाला खिंडार पाडत होता आणि वरच्या बाजूला स्वतःचा प्रदेश फुगवत होता. शूसाकु जिंकला. खडा एक, काउंटर तीन. आणि एकाही काउंटरवर 'जेवणाची वेळ' अशी पाटी नाही.

२०१६ साली सोलमध्ये 'अल्फागो' या संगणकाच्या कार्यक्रमाने कोरियाच्या ली सेडोलला चार विरुद्ध एक असं हरवलं. दुसऱ्या डावातल्या त्याच्या सदतिसाव्या चालीने जाणकार असेच चक्रावले. यंत्राला कान नाहीत, त्यामुळे लाल व्हायचे ते आपलेच. एक मात्र लक्षात आलं. हे यंत्र मोठ्या फरकाने जिंकण्याची हावच धरत नव्हतं. अर्ध्या गुणाचा विजय पक्का करण्यासाठी खुशाल गुण सोडून देत होतं. पूर्वी शिष्याने केल्या असत्या तर गुरुजी रागावले असते अशा काही चाली आता नामवंत खेळाडू बिनदिक्कत करतात. सगळ्या खड्यांची फोड आता यंत्र करतं, आणि डोळ्यांची उघडझाप होण्याआधी.

ही तेवारी जोवर खड्यांना लागते तोवर ठीक. पण ती माणसांना लावण्याचा मोह वरच्या मजल्यांवर फार असतो. 'या शाखेत किती माणसं, त्यांतली किती काढली तरी चालेल' हे सर्क्युलर म्हणजे आणखी काय? अशा वेळी मला शूसाकुची राहिलेली गोष्ट आठवते.

किल्ल्यातल्या वार्षिक डावांत तो एकोणीस वेळा बसला आणि एकोणीस वेळा जिंकला. घराण्याचा तो ठरलेला वारस होता. १८६२ साली एदोत पटकीची साथ आली आणि होनिंबोंच्या घरातली माणसं आजारी पडली. शूसाकु त्यांच्या सेवेला बसला. तेवारीच्या हिशेबात यापेक्षा वाईट चाल नाही. उशाशी बसून पाणी पाजायला कुणीही चाललं असतं. त्यासाठी अख्ख्या जपानातला सर्वांत मोलाचा खडा, तोही एकाच श्वासावर, कोपऱ्यात ठेवायचा? त्याने ठेवला. त्याच साथीत तो गेला. वय तेहतीस. घरातले बाकीचे वाचले, असं सांगतात.

दोसाकुने हा हिशेब कसा मांडला असता याचा मी कधीकधी काउंटरवर गर्दी नसताना विचार करतो. बहुधा त्याने कॉन्ट्रा एन्ट्र्या काढल्या असत्या, वही बराच वेळ न्याहाळली असती आणि एक खडा कमी भरला तरी हा ताळेबंद आपल्या त्या १६८३च्या डावाशेजारी नीट ठेवून दिला असता.